रात्री अडणारा श्वास आणि घरी होणारी तपासणी

झोपेत ज्याचा श्वास अडतो त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. तो कळतो शेजारी झोपलेल्या माणसाला. आणि नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत शेजारी झोपणारं माणूसच पुष्कळदा नसतं. पन्नाशी ओलांडलेला घरधनी बैठकीत किंवा ओसरीवर झोपतो, उन्हाळ्यात गच्चीवर, सुगीच्या दिवसांत शेतातल्या आखाड्यावर. घरची बाई आत, नातवंडांपाशी. त्याचं घोरणं साऱ्या घराला ऐकू जातं, पण त्या घोरण्यात मध्येच पडणारी वीस-तीस सेकंदांची शांतता आणि मग आचका देऊन ओढलेला श्वास, हे जवळ जागं असलेल्या माणसालाच टिपता येतं. लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारा दमून गाढ झोपलाय.

दिवसा हाच माणूस बसल्या बसल्या पेंगतो. त्यालाही कारण तयार असतं. शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीपाळीने रात्री मिळते, म्हणजे कित्येक रात्री पाणी देण्यात जातात. नांदेडहून पुण्याला रात्रीची ट्रॅव्हल्स नेणाऱ्या चालकाची झोप तर कायमचीच विस्कटलेली. जागरण खरं असतं, म्हणूनच आजार त्याच्याखाली सहज लपतो. दोन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, सकाळी उठल्यावर जड डोकं, रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणं, कोरडा पडलेला घसा, चिडचिड, विसराळूपणा. या तक्रारी वेगवेगळ्या दवाखान्यांत जातात. बीपीची गोळी वाढते, लघवीसाठी प्रोस्टेटची तपासणी होते, आणि ‘झोप पुरी होत नाही’ म्हटलं की कधी झोपेची गोळी लिहून मिळते. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत घातक. घशाचे स्नायू आधीच ढिले पडत असताना झोपेची गोळी, किंवा संध्याकाळची दारू, ते आणखी ढिले करते.

या आजाराची तपासणी आता घरी होऊ शकते. मराठवाड्यासारख्या भागासाठी हीच योग्य वाट आहे, असं माझं मत आहे. पण तपासणी हा कामाचा सोपा भाग. अवघड भाग त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असतो, आणि आपल्याकडे नेमकं तिथंच रुग्णाला कुणी विचारत नाही.

आधी आजार समजून घेऊ. पडजिभेच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा भाग कडक नळीसारखा नाही. स्नायूंच्या जोरावर तो उघडा राहतो. झोप लागली की हे स्नायू सैल होतात. विहिरीवरच्या मोटरीला मऊ सक्शन पाइप जोडला तर मोटर ओढू लागताच तो आतल्या आत चिकटतो; तसंच इथं होतं. छाती आणि पोट हवा ओढत राहतात, घसा चिकटलेला राहतो. अर्धवट चिकटला तर पडदे थरथरून आवाज येतो, ते घोरणं. पूर्ण चिकटला तर आवाज बंद, श्वासही बंद. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, हृदयाचे ठोके आधी मंदावतात आणि मग धडधडतात, मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडतो, आणि पुन्हा झोप लागते. हे जागं होणं इतकं अल्प असतं की सकाळी आठवत नाही. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की ती एक खंडाची घटना धरतात; बराच कमी झाला आणि ऑक्सिजन घसरला तर तीही मोजतात. तासाला अशा किती घटना होतात तो निर्देशांक. ५च्या वर सौम्य, १५च्या वर मध्यम, ३०च्या वर तीव्र. निर्देशांक ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा. असा माणूस सकाळी ताजातवाना कसा उठेल?

वैद्यकाला हे चित्र अगदी नवं नाही. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाच्या लक्षणांमध्ये अतिझोप आणि धाप यांच्याबरोबर ‘क्रथन’ आहे, आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ अकस्मात श्वास अडणं असाही दिला आहे. युरोपात चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ च्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सदा पेंगणारा लठ्ठ मुलगा रंगवला, १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी लठ्ठपणा आणि श्वासाच्या एका विकाराला त्याच कादंबरीचं नाव दिलं. झोपेत घसा बंद होतो हे यंत्रावर नोंदून दाखवलं गेलं ते १९६५ मध्ये, फ्रान्स आणि जर्मनीत. त्यानंतरही कितीतरी वर्षं उपचार एकच होता: गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापला. नाकावर बसवलेल्या मास्कमधून सतत थोड्या दाबाने हवा सोडली की घसा चिकटतच नाही, एवढीच कल्पना. सीपॅप नावाचं आजचं यंत्र तिथून आलं, आणि चाळीसहून अधिक वर्षांनंतरही मध्यम-तीव्र आजारावरचा पहिला उपचार तोच आहे.

आपल्याकडे या आजाराचं नाव घरोघरी पोचलं ते १५ फेब्रुवारी २०२२ ला, संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले तेव्हा. त्यांना ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ होता, असं रुग्णालयाने सांगितलं. पण मुंबईतल्याच एका संशोधनाने त्याच्या अठरा वर्षं आधी धोक्याची सूचना देऊन ठेवली होती. हिंदुजा हॉस्पिटलचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि त्यातल्या २५० जणांची रात्रभराची तपासणी केली. २००४ मध्ये निष्कर्ष आले: झोपेत श्वासाचा बिघाड १९.५ टक्के पुरुषांमध्ये, आणि दिवसा पेंग येण्यासह पूर्ण आजार ७.५ टक्के पुरुषांमध्ये. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या गाजलेल्या पाहणीत १९९३ मध्ये पूर्ण आजाराचा आकडा पुरुषांत ४ टक्के आला होता.

या मुंबईच्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती २५० जणांची तपासणी त्यांच्या घरी झाली होती. म्हणजे भारतात या आजाराचं मोजमाप ज्या पहिल्या मोठ्या कामांतून झालं, त्यातलं एक घरच्या तपासणीवरच उभं आहे. पुढे दिल्लीच्या ‘एम्स’ने समाजात जाऊन अभ्यास केले, आणि २०२३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी देशभरचे अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला की ११ टक्के प्रौढ भारतीयांना हा विकार आहे, पुरुषांत १३ आणि स्त्रियांत ५ टक्के, कामकरी वयाची सुमारे १० कोटी ४० लाख माणसं. यातल्या बहुतेकांनी तपासणी केंद्राचं तोंडही पाहिलेलं नाही.

पाहणार तरी कसं? पूर्ण तपासणी म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला, पायांना तारा लावून माणूस रात्रभर केंद्रात झोपतो आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ जागा राहून नोंदी बघतो. अशी सुसज्ज केंद्रं मोठ्या शहरांत, तीही मोजकी. किनवट किंवा देगलूरच्या माणसाला त्यासाठी हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणं गाठायचं. नांदेड ते पुणं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. बरोबर एक माणूस, दोन दिवसांची मजुरी बुडणार, परक्या गादीवर तारा लावून झोप येणार नाही ती वेगळीच. घोरण्यासाठी एवढं कुणी करत नाही. मोतीबिंदूसाठी करतील, मुतखड्यासाठी करतील.

घरच्या तपासणीने ही अडचण बरीच सुटते. यंत्र तळहाताएवढं असतं. छातीवर पट्टा, नाकात हवेचा प्रवाह मोजणारी बारीक नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी. संध्याकाळी तंत्रज्ञ येऊन लावून देतो किंवा लावायचं कसं ते शिकवतो, सकाळी यंत्र परत जातं, एक-दोन दिवसांत अहवाल येतो. खर्च केंद्रातल्या रात्रीपेक्षा कमी. काही यंत्रं नाकात नळी न घालता मनगटावर बसतात आणि बोटातल्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावरून श्वासाच्या घटना ओळखतात. अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय विम्याने सीपॅप मंजूर करण्यासाठी घरची तपासणी २००८ मध्येच मान्य केली, आणि ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये एका चाचणीत असं दिसलं की प्रशिक्षित फॅमिली डॉक्टर आणि नर्स यांनी घरच्या तपासणीवर विसंबून उपचार केले तरी दिवसाची पेंग तज्ज्ञांच्या केंद्राइतकीच कमी होते. जिथे तज्ज्ञ कमी आणि अंतरं मोठी, त्या भागासाठी याहून महत्त्वाचा पुरावा मला माहीत नाही.

पण या यंत्राच्या मर्यादा रुग्णाला कुणी सांगत नाही. बहुतेक घरच्या यंत्रांवर मेंदूच्या लहरी नोंदल्या जात नाहीत, त्यामुळे माणूस खरोखर झोपलाय की कूस बदलत जागाच आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. समजा नोंद आठ तास चालली, झोप पाचच तास लागली आणि शंभर वेळा श्वास अडला. झोपेच्या तासांनी भागलं तर निर्देशांक २०, म्हणजे मध्यम आजार. नोंदीच्या तासांनी भागलं तर साडेबारा, म्हणजे सौम्य. एकाच माणसाची एकच रात्र, आणि एका भागाकाराने त्याचा आजार खालच्या पायरीवर जातो. मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दिवसानंतर, कूलरच्या घरघरीत आणि घामाने सुटणाऱ्या पट्ट्यांत जी रात्र जाते तिची नोंद अशीच फसवी निघण्याचा संभव जास्त. म्हणून नियम साधा आहे: घरची तपासणी ‘आजार आहे’ म्हणाली तर विश्वास ठेवायचा, लक्षणं स्पष्ट असताना ती ‘आजार नाही’ म्हणाली, तर तिथं थांबायचं नाही. पूर्ण तपासणी करून घ्यायची. नोंद निदान चार तासांची तरी चांगली मिळाली आहे का, तेही अहवालात पाहावं. नखांना रंग किंवा गडद मेंदी असली तर बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा चुकू शकतो, तेव्हा लग्नसराईत एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

काहींसाठी घरची तपासणी मुळीच योग्य नाही. हृदय निकामी होत आलेले, दम्या-धुराने फुप्फुसं खराब झालेले, अर्धांगवायू होऊन गेलेले, स्नायूंचे आजार असलेले, अफूजन्य वेदनाशामकं घेणारे. यांच्यात कधी कधी घसा उघडा असूनही मेंदूच श्वासाचा हुकूम पाठवत नाही, आणि तो वेगळा विकार केंद्रातच नीट ओळखता येतो. लहान मुलांचंही तसंच. मुलांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण त्यांच्यात हा आजार बहुतेकदा पूर्ण बरा होण्यासारखा असतो. तोंड उघडं टाकून झोपणारं, रोज घोरणारं, रात्री घामाघूम होणारं, शाळेत पेंगण्याऐवजी उलट चुळबुळं आणि चिडखोर झालेलं लेकरू कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. वाढलेल्या टॉन्सिल्स आणि नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी काढण्याची शस्त्रक्रिया नांदेड-लातुरात वर्षानुवर्षं होत आलेली आहे. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

आता अवघड भागाकडे. छोट्या शहरांत घरची तपासणी पुष्कळदा यंत्र विकणाऱ्यामार्फतच होते. जो तपासतो तोच सीपॅप विकतो. अहवालाच्या तळाशी यंत्राची शिफारस छापूनच येते, आणि कधी तर तपासणीचे पैसे यंत्राच्या किमतीत वळते करून दिले जातात. रुग्णाला हे सोयीचं वाटतं. मला ते धोक्याचं वाटतं. यंत्राने आपोआप काढलेले आकडे आणि प्रशिक्षित डॉक्टरने नोंद उघडून, एकेक घटना पाहून दिलेलं मत यांत फरक असतो. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये असो की लातुरात, छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन मूळ नोंद दाखवावी, थायरॉइड तपासून घ्यावं, नाक आणि घसा बघून घ्यावा, आणि मगच यंत्राचं बोलावं. विक्रेत्याचा माणूस मन लावून काम करणारा असू शकतो, किंबहुना अनेकदा तोच एकटा रुग्णाच्या घरी येणारा असतो. पण निदान त्याच्यावर सोपवणं त्याच्यावरही अन्याय आहे.

यंत्र घरी आलं की पहिली रात्र बहुतेकांची वाईट जाते. तोंडावर काहीतरी बांधल्यासारखं, गुदमरल्यासारखं वाटतं. मास्क मोठा असेल तर हवा डोळ्यांत जाते, लहान असेल तर नाकावर वळ उठतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी यंत्र कपाटात जातं. किंमत साधारण २५-३० हजारांपासून पुढे. एवढे पैसे कपाटात पडलेले पाहून घरात जो बोल लागतो, त्यापायी माणूस पुन्हा डॉक्टरकडे जायलाही लाजतो. खरं म्हणजे यातली जवळपास प्रत्येक तक्रार मास्क बदलून, दाब हळूहळू चढवण्याची सोय सुरू करून, दुपारी जागेपणी टीव्ही बघत अर्धा तास मास्क लावून बसण्याची सवय करून सुटते. दाढी असेल तर नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कच्या कडेने हवा सुटते. नांदेडच्या शीख बांधवांसाठी नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क अधिक सोयीचा पडू शकतो, आणि हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आपल्या हवापाण्याच्याही अडचणी आहेत. उन्हाळ्यात कोरड्या हवेने घसा सुकतो म्हणून यंत्राला पाण्याची टाकी असलेला ह्युमिडिफायर जोडतात. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. लातूरच्या बोअरचं जड पाणी घातलं तर काही दिवसांतच टाकीत पांढरा थर बसतो. वाऱ्या-वावटळीच्या दिवसांत हवेची जाळी, म्हणजे फिल्टर, लवकर काळा पडतो. तो बदलायला दोन-चारशे रुपये लागतात आणि तो बदलायचा असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. वीज गेली तर? ही भीती घरोघरी आहे, विशेषतः आईच्या किंवा वडिलांच्या तोंडावर मास्क पाहणाऱ्या मुलांना. मास्कला हवा बाहेर जाण्याची छिद्रं असतात, नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला यंत्र बंद पडताच उघडणारी झडपही असते. माणूस जागा होतो, मास्क काढतो, इतकंच. ह्युमिडिफायर गरम न करता चालवलं तर या यंत्राला वीजही फार लागत नाही, घरच्या इन्व्हर्टरवर ते रात्रभर चालतं.

रोज चार तासांपेक्षा जास्त वापर हा जगभर धरला जाणारा किमान मापदंड. तो का महत्त्वाचा, हे २०१६ च्या ‘सेव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीवरून कळतं. भारतासह सात देशांतल्या, हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेल्या २७१७ रुग्णांवर ती झाली. सीपॅपने हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. पण रुग्णांनी यंत्र सरासरी रात्रीचे ३.३ तासच वापरलं होतं. पेंग, मनाची उदासी, कामावरच्या रजा मात्र एवढ्या वापरानेही कमी झाल्या. म्हणून ‘यंत्र घ्या, हार्ट ॲटॅक टळेल’ असं जो सांगतो तो पुराव्यापलीकडचं बोलतो. सीपॅपने दिवस परत मिळतो, बीपी थोडं उतरतं, गाडी चालवताना डोळा लागत नाही. मला हे पुरेसं मोठं वाटतं.

गाडीचा मुद्दा इथं नुसता ओघात सांगून भागणार नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाला अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं आहे. अमेरिकेत एका मालवाहतूक कंपनीच्या चालकांवरच्या अभ्यासात (२०१६) निदान होऊनही उपचार न घेणाऱ्यांचे टाळता येण्याजोगे गंभीर अपघात इतरांच्या पाचपट निघाले. तुळजापूर-लातूर-नांदेड हा ३६१ क्रमांकाचा महामार्ग आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. सरळ रस्त्यावर पहाटे तीन वाजता अर्धवट झोपेतला चालक म्हणजे मागच्या तीस-चाळीस प्रवाशांचा जीव टांगणीला. चालकाच्या परवान्यासाठी डोळे तपासतात. मान आणि झोप कुणी तपासत नाही. ट्रॅव्हल्सच्या मालकांनी आपल्या चालकांची घरची तपासणी स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी. एका गाडीच्या टायरांच्या जोडीहून त्याला जास्त लागणार नाही. आणि निदान झालं म्हणून नोकरी काढून घेऊ नये, नाहीतर एकही चालक खरं सांगणार नाही.

बायकांबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण त्यांचं निदान सगळ्यांत उशिरा होतं. पाळी जाईपर्यंत हार्मोनांचा आधार असतो, नंतर धोका वाढतो. त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत; बाईने ‘मी घोरते’ म्हणणं आजही लाजेचं. त्या म्हणतात अंग गळून गेलंय, झोप उडते, डोकं दुखतं. मग रक्ताच्या गोळ्या, कॅल्शियम. पेंग मोजण्याची जगभर वापरली जाणारी एपवर्थ प्रश्नावली १९९१ मध्ये मेलबर्नला तयार झाली. वाचताना, टीव्ही पाहताना, मोटारीत शेजारी बसून जाताना किती डुलक्या येतात, असे तिचे प्रश्न. कंधार-मुखेडकडच्या, पहाटे पाचपासून कामाला जुंपलेल्या बाईला ते लागू पडत नाहीत. तिला विचारायला हवं की भजनात, एसटीत, दुपारी धान्य निवडताना डोळा लागतो का.

इतर उपचारांचं थोडक्यात. वजन घटवणं हे सर्वांत खात्रीचं आणि सर्वांत कठीण. विस्कॉन्सिनच्याच गटाने २००० मध्ये दाखवलं की वजन १० टक्के वाढलं की निर्देशांक सुमारे ३२ टक्के वाढतो आणि १० टक्के घटलं की सुमारे २६ टक्के उतरतो. भारतीय माणसाला तुलनेने कमी वजनावरच, पोटा-मानेवरच्या चरबीमुळे हा आजार होतो, तेव्हा ‘मी कुठं एवढा लठ्ठ आहे’ हा युक्तिवाद इथं चालत नाही. टिर्झेपॅटाइड या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनने लठ्ठ रुग्णांत निर्देशांक तासाला पंचवीसहून अधिक घटनांनी उतरल्याचं २०२४ मध्ये दिसलं, आणि त्या डिसेंबरात अमेरिकेने या आजारासाठी त्याला मान्यता दिली. २०२५ पासून ते भारतात मिळतं, पण महिन्याचा खर्च हजारोंत आणि औषध थांबवलं की वजन परत चढतं. सौम्य-मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं, दातांवर बसवायचं साधन उपयोगी पडतं. ते मापाने बनवणारा दंतवैद्य हवा. पाठीवर झोपल्यावरच ज्यांचा श्वास अडतो त्यांनी कुशीवर झोपण्याची सवय लावावी. नाकाचं वाकडं हाड नुसतं सरळ केल्याने आजार क्वचितच जातो, पण त्यानंतर मास्क सहन होतो. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० रुग्णांवर छोटी चाचणी प्रसिद्ध केली: सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, किमान पंधरा मिनिटं शंख वाजवणाऱ्यांची पेंग सुमारे एक तृतीयांश कमी झाली. आकडा लहान आहे, पण घशाचे स्नायू व्यायामाने बळावतात हे ब्राझील आणि स्वित्झर्लंडमधल्या आधीच्या कामांशी जुळतं. सौम्य आजार असलेल्याने जरूर वाजवावा. तीव्र आजार असलेल्याने शंखाच्या भरवशावर मास्क काढून ठेवू नये. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचं मोबाइलवरून पसरलेलं खूळ मात्र बंद नाक असलेल्या रुग्णाला अपायाचंच.

हे सगळं खासगी दवाखान्यांवर सोडायचं का? नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. दोन्हीकडे छातीविकार आणि कान-नाक-घसा विभाग आहेत. संपूर्ण निद्रा केंद्र उभारायला जागा, माणसं आणि वर्षं लागतील. घरच्या तपासणीची दहा-बारा यंत्रं आणि ती तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत फिरवणारा एक तंत्रज्ञ यांना तेवढं लागणार नाही. नोंद अहमदपूर किंवा हदगावला व्हावी, वाचन महाविद्यालयात व्हावं, आणि यंत्र घेतलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी फोन जावा.

रुग्ण शोधण्याची यंत्रणा तर गावात आधीच चालते. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, व्यायाम विचारतात, टेपने कंबर मोजतात. त्याच टेपने मान मोजायला पाव मिनिट लागेल. पुरुषाची मान ४० सेंटिमीटरच्या वर, बीपी आहे आणि घरचे म्हणतात की झोपेत श्वास थांबतो, एवढ्या तीन खुणांवर चिठ्ठी देता येईल. फक्त तो शेवटचा प्रश्न त्या माणसाला विचारून उपयोग नाही. तो आत जाऊन त्याच्या बायकोला, सुनेला, आखाड्यावर सोबतीला झोपणाऱ्या सालगड्याला विचारावा लागेल.